नियमनाचा दर्जा आणि आर्थिक वाढ : प्रबंधाला हात घालण्याआधी

माझा पहिला आलेख इतका देखणा आला होता की मी तो टेबलासमोर चिकटवून ठेवला. आडव्या अक्षावर जागतिक बँकेचा नियमनाच्या दर्जाचा निर्देशांक (सरकार उद्योगांसाठी किती चांगले नियम करतं आणि राबवतं, याचं माप), उभ्यावर दरडोई उत्पन्न, आणि ठिपके शिडी चढल्यासारखे वर जाणारे. मार्गदर्शक एवढंच म्हणाले, "शीर्षक वाढीचं आहे. यात वाढ कुठंय?" उत्पन्नाच्या जागी विकासदर टाकला आणि शिडी मोडली. चीन तर पार वेगळ्याच कोपऱ्यात: निर्देशांक शून्याखाली, वाढ जोरदार.

श्रीमंत देशांत नियमन चांगलं असतं, यात वाद नाही. पण त्यामुळे ते श्रीमंत झाले, की पैसा आला म्हणून चांगली यंत्रणा परवडली? सगळा विषय इथेच अडतो.

हा निर्देशांक 1996 पासूनचा आणि मुळात लोकांच्या मतांवर बेतलेला. अर्थव्यवस्था तेजीत असली की उद्योजक नियमांनाही बरे गुण देतात. माझी आणखी एक फजिती सांगतो. 'जगाची सरासरी इतक्या वर्षांत हललीच नाही' असं एक अख्खं प्रकरण मी लिहिलं. मग पद्धतीची टिपणं वाचली, तर मी वापरलेल्या आकड्यांत ती सरासरी दरवर्षी शून्यावर आणूनच ठेवलेली! टिपणं आधी वाचा.

2006 सालचा 135 देशांचा एक अभ्यास तुम्हाला सगळीकडे भेटेल: उद्योगनियमांच्या क्रमवारीत देश तळाच्या पाव भागातून वरच्या पाव भागात गेल्यास वार्षिक वाढ 2.3 टक्के बिंदूंनी अधिक. त्यामागची आकडेवारी जागतिक बँकेच्या 'डूइंग बिझनेस' अहवालाची, आणि ती कागदावरचे नियम मोजायची. आकड्यांतल्या गडबडीमुळे 2021 मध्ये तो अहवालच बंद झाला. शिवाय कमी नियम म्हणजे चांगलं नियमन, हा समज त्यातून पसरला तो वेगळाच. (2008 मध्ये सैल नियमांत वाढून कोसळलेल्या बँका आठवा.)

शेवटी मी देशांची तुलना सोडली आणि एकच नियम धरला. वाट दाखवली ती मेक्सिकोवरच्या कामाने. तिथे 2002 पासून उद्योगनोंदणी वेगवेगळ्या नगरपालिकांत वेगवेगळ्या वेळी सोपी झाली, त्यामुळे तुलना करता आली. नोंदणीकृत उद्योग वाढले सुमारे 5 टक्के. आणि ते विनानोंदणी धंदेवाल्यांमुळे नव्हे, तर नोकरी सोडून धंद्यात उतरलेल्यांमुळे.