अमिनो ॲसिड आणि पेप्टाइड बॉण्ड : जर्नल लाल होण्याआधी या चुका टाळा

प्रॅक्टिकलच्या जर्नलचा गठ्ठा आला की मी आधी चहा घेते, मग लाल पेन शोधते, आणि पहिल्याच पानावर तोच तो ग्लायसिन, सगळ्यात साधं अमिनो ॲसिड, बसलेला असतो. एका टोकाला एनएच२, दुसऱ्या टोकाला सीओओएच, दोघंही निवांत, आणि वर प्रश्न काय तर "पीएच ७ ला ग्लायसिनची रचना काढा". चौदा वर्षं झाली हे बघतेय. बॅच बदलते, सिलॅबस बदलतो, ग्लायसिन काही बदलत नाही.

अरे, एकाच रेणूत ॲसिड पण आहे आणि बेस पण आहे, दोघं शेजारी शेजारी राहतात, आणि एकमेकांना काहीच करत नाहीत असं कसं होईल? कार्बॉक्सिलचा प्रोटॉन अमिनोकडे जातो, एकीकडे सीओओ मायनस, दुसरीकडे एनएच३ प्लस, आणि हाच तो झ्विटरआयन, जो तुम्ही व्हायवाला घडाघडा सांगता आणि कागदावर काढताना विसरता. पुस्तकवाले सोयीसाठी बिनचार्जचं रूप छापतात हे मान्य, पण पाण्यात ते रूप लाखात एखाद्या रेणूचं असतं. पीएच १ ला गेलात तर सीओओएच मिळेल पण मग एनएच३ प्लस राहणारच, पीएच १२ ला एनएच२ मिळेल पण मग समोर सीओओ मायनस असणार. दोन्हीकडे चार्ज नाही असं ज्याचं बहुमत होईल असा पीएचच नाहीये.

पटत नसेल तर कपाटातली बाटली उघडून बघा. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड द्रव असतं, १६-१७ डिग्रीच्या खाली थंडीतच गोठतं. त्याच ॲसेटिक ॲसिडच्या कार्बनवर एक अमिनो लावला की झालं ग्लायसिन, आणि ती पांढरी पूड आहे, २३० डिग्रीच्या आसपास तापवली की वितळता वितळता करपते, पाण्यात छान विरघळते आणि ईथरमध्ये तशीच तळाशी बसून राहते. ही वागणूक मिठासारखी आहे, ॲसिडसारखी नाही. एकदा हे हाताने केलंत की चित्र आपोआप बरोबर येतं, पण हाताने करायला वेळ कुणाला आहे, सगळ्यांना पीडीएफ हवी.

यातूनच पुढची गंमत निघते, ती म्हणजे पीआय काढणं, म्हणजे ज्या पीएचला रेणूवरच्या चार्जची बेरीज शून्य होते तो पीएच. कुठूनतरी एक शॉर्टकट फिरतोय की सगळ्या पीकेएंची (ज्या पीएचला एखाद्या गटाचे निम्मे प्रोटॉन सुटलेले असतात तो आकडा) सरासरी काढा, झाला पीआय. ग्लायसिनला तो चालतो कारण तिथे दोनच पीकेए आहेत, २.३४ आणि ९.६०, सरासरी ५.९७, उत्तर बरोबर, पोरगं खूश. मग लायसिन येतं. तीन पीकेए, २.१८, ८.९५ आणि १०.५३, तिघांची सरासरी ७.२२, आणि बिनधास्त लिहून मोकळे. लायसिन! ज्याच्या शेपटाला अजून एक अमिनो लटकतोय ते न्यूट्रल पीएचला न्यूट्रल? एवढा तरी संशय यायला हवा ना.

माझी सवय सांगते, पद्धत वगैरे म्हणू नका, सवयच आहे. कागदावर आडवी रेघ मारायची, डावीकडे पीएच ०, उजवीकडे १४. अगदी डावीकडे सगळं प्रोटॉनने भरलेलं रूप, लायसिनचा चार्ज तिथे प्लस २. रेघेवर २.१८ ला खूण, ती ओलांडली की कार्बॉक्सिल गेला, चार्ज प्लस १. पुढची खूण ८.९५, एक अमिनो गेला, चार्ज शून्य. पुढची १०.५३, दुसराही गेला, मायनस १. शून्य कुठल्या दोन खुणांच्या मध्ये आलं? ८.९५ आणि १०.५३. त्याच दोघांची सरासरी, ९.७४. बस्स. ॲस्पार्टिकला हीच रेघ मारा, प्लस १ ने सुरुवात, १.८८ नंतर शून्य, ३.६५ नंतर मायनस १, म्हणजे पीआय २.७७ च्या आसपास, तिसऱ्या पीकेएकडे बघायचंसुद्धा नाही. रेघ मारायला अर्धा मिनिट लागतो, तरी दरवर्षी कुणीतरी विचारतंच, मॅडम रेघ नाही मारली तर मार्क कापणार का. रेघ नाही मारली तरी चालेल, उत्तर चुकलं की कापणार.

आणि पीआयला "चार्ज नसतो" असं लिहू नका प्लीज. चार्ज असतात, बेरीज शून्य असते. दुधाचंच बघा, त्यातल्या केसीन या प्रोटीनचा पीआय ४.६ च्या जवळ, लिंबू पिळलं की दूध त्या पीएचकडे सरकतं, कणांचं एकमेकांना ढकलणं कमी होतं आणि सगळे गोळा होऊन बसतात. घरी दूध नासलं म्हणून ओरडा बसतो ते हेच.

आता माझा लाडका विषय, निनहायड्रिन (अमिनो ॲसिडचा डाग जांभळा करून दाखवणारं रसायन) आणि बोटं. इथे आधी स्वतःचीच लाज काढते.

एमएस्सीला असताना पेपर क्रोमॅटोग्राफी होती, म्हणजे कागदावर सॉल्व्हंट चढवून मिश्रण वेगळं करायचं, अज्ञात मिश्रण ओळखा. व्हॉटमन नंबर १ कागद, ब्युटॅनॉल-ॲसेटिक ॲसिड-पाणी हे सॉल्व्हंट, रात्रभर लावून ठेवलं. सकाळी उठून धावत गेले, नाश्ता नाही, वाटेत वडापाव खाल्ला, हात शर्टाला पुसले, चेंबरचं झाकण काढून कागद सरळ हातात घेतला, दोरीला क्लिप लावून वाळवला, निनहायड्रिन फवारलं आणि १०५ डिग्रीच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं. बाहेर काढला तर काय सुंदर जांभळे डाग! खाली एक ग्लायसिनशी जुळणारा, वर एक ल्युसिनशी जुळणारा, आणि मधे थोडा कडेला एक मोठ्ठा गडद डाग. स्टँडर्डशी नीट जुळत नव्हता, पण आरएफ (सॉल्व्हंटच्या तुलनेत डाग किती वर चढला तो आकडा) व्हॅलिनच्या जवळपास येत होता, म्हटलं व्हॅलिनच असणार, मिश्रणात थोडं इकडेतिकडे होतंच. आरएफ दोन दशांश स्थळांपर्यंत काढून, रुबाबात जर्नलमध्ये लिहून सरांकडे नेलं. सरांनी कागद खिडकीकडे धरला, खिशातून भिंग काढलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "या व्हॅलिनला रेषा आहेत." माझा अंगठा होता. अख्खा, भोवऱ्यासकट. लॅबचे मामा पुढचे दोन महिने मला व्हॅलिन म्हणत होते.

घामात अमिनो ॲसिडं असतात, सेरिन तर भरपूर, आणि निनहायड्रिनला कागदावरचं ग्लायसिन आणि तुमच्या अंगठ्यावरचं सेरिन यातला फरक कळत नाही. रुहेमाननं हे रसायन १९१० साली शोधलं, तेव्हापासून लोकांची बोटं जांभळी होत असणार, पण गुन्हेगाराचे ठसे उठवायला ते वापरा हे सुचायला १९५४ उजाडलं, आणि तेही स्वीडनमध्ये. म्हणजे ज्या गोष्टीवर पोलीस चोर पकडतात ती गोष्ट तुम्ही प्रॅक्टिकलमध्ये सगळीकडे फासताय.

"मी ग्लोव्हज घातले होते" हे उत्तर मला सांगू नका. त्याच ग्लोव्हजनी नाक खाजवलं, मोबाईल स्क्रोल केला, केस मागे घेतले, मग ग्लोव्हज कुणाला वाचवणार? मी काय करते, कागद कापतानाच एका वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने "हात" असं लिहिते, शेवटपर्यंत तोच कोपरा धरायचा, बाकी सगळं चिमट्याने. पेन्सिलनेच हं, पेनची शाई सॉल्व्हंटबरोबर वर चढते आणि मग निळी रेघ बघून "मॅडम हे कुठलं अमिनो ॲसिड" सुरू होतं. फवारणी फ्यूम हूडमध्ये, नाहीतर दोन दिवस जांभळे हात दाखवत फिराल.

प्रोलिन जांभळं येत नाही, पिवळं येतं, कारण त्याचा नायट्रोजन रिंगमध्ये अडकलेला आहे. पिवळा डाग फिका असतो, दिसल्या दिसल्या पेन्सिलने गोल करा.

प्रोटीन ओळखायच्या बाययुरेट टेस्टमधल्या रीएजंटमध्ये बाययुरेट नसतं. हे ऐकून दरवर्षी अर्धा वर्ग दचकतो. युरिया तापवला की अमोनिया निघून जे बनतं ते बाययुरेट, आणि तेही अल्कलीत कॉपरबरोबर असाच रंग देतं म्हणून टेस्टला ते नाव चिकटलं. रंग येतो तो पेप्टाइड बॉण्डच्या (अमिनो ॲसिडं एकमेकांना जोडणाऱ्या बॉण्डच्या) नायट्रोजनांनी कॉपरला धरल्यामुळे, आणि त्यासाठी निदान दोन पेप्टाइड बॉण्ड लागतात, म्हणजे ट्रायपेप्टाइडपासून पुढे. साधं ग्लायसिन घेऊन "निगेटिव्ह आलं, रीएजंट खराब आहे" म्हणून बाटली ओतून देणारा महाभागही बघितलाय. गोड गोळ्यांमधल्या ॲस्पार्टेममध्येही एकच पेप्टाइड बॉण्ड असतो, तिथेही जांभळ्या रंगाची वाट बघू नका.

दुसरं म्हणजे कॉपर सल्फेट ओतू नका, थेंब टाका. दोन-तीन थेंब. अंड्याच्या पांढऱ्याचा फिका जांभळा रंग ड्रॉपरभर निळ्यात बुडून जातो, तळाला कॉपर हायड्रॉक्साइडचा निळा चोथा बसतो, आणि मग "प्रोटीन ॲबसेंट". अमोनियम सल्फेटने खाली बसवलेलं प्रोटीन तसंच टेस्टला घेतलंत तर अमोनिया कॉपरबरोबर गडद निळा रंग देऊन उलटं फसवेल. घाई केली की दोन्ही बाजूंनी मार.

पेप्टाइड बॉण्डबद्दल. कागदावर ओएच आणि एच भोवती गोल काढायचा, बाण मारायचा, पाणी निघून गेलं, बॉण्ड तयार, इतकं सोपं वाटतं की एकाने प्रोजेक्टसाठी ग्लायसिन आणि अलानिन पाण्यात उकळून ठेवलं होतं. ॲसिड आणि अमाइन भेटले की आधी मीठ होतं, ॲमाइड नाही. कार्बॉक्सिलला आधी चेतवावं लागतं, लॅबमध्ये डीसीसीसारखं जोडणी करणारं काहीतरी रसायन, पेशीत एटीपी खर्चून टीआरएनएवर (अमिनो ॲसिड वाहून नेणाऱ्या रेणूवर) चढवून. आणि टोकं झाकली नाहीत तर ग्लायसिन-अलानिन, अलानिन-ग्लायसिन, ग्लायसिन-ग्लायसिन, अलानिन-अलानिन असे चार डायपेप्टाइड आणि वर लांब साखळ्या, सगळी भेळ. हो, पहिले दोन वेगळे रेणू आहेत, एन-टोक (जिथे अमिनो मोकळा असतो ते) डावीकडे लिहायची पद्धत उगाच नाही. मेरिफिल्डनं १९६३ मध्ये साखळीचं एक टोक रेझिनच्या मण्याला बांधून टाकलं आणि दर पायरीचं शुद्धीकरण नुसत्या धुण्यावर आणलं, त्याला १९८४ चं नोबेल मिळालं, म्हणजे बघा काम किती किचकट असेल.

तो बॉण्ड फिरवू नका. मॉडेल किटमध्ये सगळ्या प्लॅस्टिकच्या काड्या सारख्याच फिरतात, म्हणून पोरं पेप्टाइडचा सीएन बॉण्डही गरागरा फिरवतात. त्याची लांबी १.३३ अँगस्ट्रॉमच्या आसपास आहे, साध्या सीएन सिंगल बॉण्डपेक्षा चांगलीच कमी, कारण नायट्रोजनची इलेक्ट्रॉन जोडी कार्बोनिलकडे ओढली गेलीय आणि सहा अणू एका पातळीत अडकलेत. मी किटमध्ये त्या काडीवर सेलोटेप गुंडाळून ठेवते. फिरतात ते त्याच्या दोन्ही बाजूंचे, अल्फा कार्बनला लागलेले बॉण्ड, नायट्रोजनकडचा फाय आणि कार्बोनिलकडचा साय, ज्यांचा नकाशा रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मद्रासला बसून १९६३ मध्ये मांडला. आपल्याकडचं काम आहे हो, निदान फाय तरी योग्य बॉण्डवर लिहा. त्याच ओढलेल्या जोडीमुळे पेप्टाइडमधला नायट्रोजन बेसिक नसतो, पीएच ७ ला त्याच्या डोक्यावर प्लस काढू नका.

मास काढताना पाणी वजा करा. दहा अलानिनची साखळी म्हणजे ८९.०९ गुणिले दहा नाही, त्यातून नऊ पाणी गेली, ८९०.९ वजा १६२.१, साधारण ७२८.८. डायसल्फाइड (दोन सल्फरमधला बॉण्ड) असेल तर प्रत्येकी दोन हायड्रोजन अजून वजा.

नावातला एल म्हणजे लेव्हो, म्हणजे प्रकाश डावीकडे वळवणारं, असं नाही. एल-अलानिन पाण्यात प्रकाश उजवीकडे वळवतं.

ग्लुटाथायोन हे ट्रायपेप्टाइड काढताना ग्लुटामेटचा बाजूचा कार्बॉक्सिल जोडायचा, अल्फावाला नाही.

शेवटचं हायड्रोलिसिस, म्हणजे प्रोटीन तोडून अमिनो ॲसिडं सुटी करणं. ६ नॉर्मल एचसीएल, ११० डिग्री, २४ तास, सील केलेली ट्यूब, आणि मग निष्कर्ष की या प्रोटीनमध्ये ट्रिप्टोफॅन नाही, ॲस्पॅराजिन नाही, ग्लुटामिन नाही. अरे, ट्रिप्टोफॅन होतं, तुम्हीच जाळलंत, आणि बाकीचे दोघं अमोनिया सोडून ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिकच्या डागात जाऊन बसलेत. ट्रिप्टोफॅन हवंच असेल तर अल्कलीत हायड्रोलिसिस करा, वेगळं सॅम्पल घेऊन, वेगळ्या ट्यूबमध्ये. त्याच ॲसिडच्या ट्यूबमध्ये कॉस्टिक ओतलं तर चालेल का, हेही एकाने विचारून झालंय.