हजारदा सांगूनही पडतात: स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांच्या घरात या चुका टाळा

घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण पडला की घरच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "हजारदा सांगितलं होतं, एकटं उठू नका म्हणून." सांगितलं असणारच. पण सकाळचा नाश्ता ज्यांना दुपारी आठवत नाही, त्यांना तुमची सूचना रात्री दोनला कशी आठवावी? सूचनेच्या भरवशावर राहणं ही सगळ्यात मोठी चूक. अशी माणसं त्यांच्याच वयाच्या इतरांपेक्षा साधारण दुप्पट पडतात, आणि कारण नुसते थकलेले पाय नसतात. चालायला लक्ष लागतं. त्यांच्याकडे ते जेमतेम पुरेल एवढंच उरलेलं असतं.

म्हणूनच चालताना बोलायला लावू नका. कोथरूडमधल्या एका घरी ७८ वर्षांच्या आजी वॉकरवर छान चालायला लागल्या होत्या. नातवाने मोबाइलवर कुठेतरी वाचलं की चालताना प्रश्न विचारले की मेंदू तल्लख होतो. मी दारात चप्पल काढत होते. तो म्हणाला, "आजी, आज वार कुठला? आणि परवा कुठला होता?" आजींनी मोजायला उजवा हात वॉकरवरून उचलला. अंगठा करंगळीच्या पेरांवरून सरकत होता, सोम, मंगळ, आणि त्या उजवीकडे कलल्या. मी पोचेपर्यंत खाली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि नंतरचा आठवडाभर त्या भ्रमात होत्या, पोटच्या मुलालाही ओळखेनात. तो पोर जिन्यात बसून रडत होता. त्याला मी दोष देत नाही. राग येतो तो 'रोज पाच मिनिटांत मेंदूचा व्यायाम' छापाच्या सल्ल्यांचा.

स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवलंय: चालताना कुणी बोलायला लागलं की जे वृद्ध थांबतात, ते पुढे जास्त पडतात. तुमच्या घरात कुणी असं थांबत असेल तर ती धोक्याची खूण समजा. दोन कामं एकत्र करायचे व्यायाम असतात, पण ते शिकलेल्या माणसाने शेजारी उभं राहून, रुग्णाला धरूनच करून घ्यायचे. मी स्वतः चालवताना एकच शब्द वापरते, "पाऊल... पाऊल..." गप्पा खुर्चीत बसल्यावर. फोन आला तरी मागून हाक मारू नका, ते गर्रकन वळतात. समोर जा, नजरेला नजर मिळू द्या, मग बोला.

दुसरी चूक रात्रीच्या लघवीची. मी पाहिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जण पलंग आणि संडास यांच्या मधेच पडलेत. घरचे यावर झोपेची गोळी मागून घेतात. उठायचे ते उठतातच, फक्त आता गुंगीत उठतात. मी सांगते ते असं: संध्याकाळी सातनंतर चहा बंद. झोपण्याआधी एकदा संडासला नेऊन आणा, आणि त्यांची उठायची वेळ दोनची असेल तर पावणेदोनला तुम्ही उठवा. संडासचा दिवा चालू आणि दार उघडं ठेवा. भांडं डोळ्यांना दिसलं तर आठवावं लागत नाही. उठल्याबरोबर उभं करू नका. पलंगाच्या कडेला बसवून टाचा-चवडे दहा वेळा वर-खाली करून घ्या. एकदा झोपलेलं असताना आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत बीपी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा, विशेषतः बीपीच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या. मनाने एकही बंद करू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. पायपुसणी उचला, सगळी. गडद सतरंजी त्यांना खड्ड्यासारखी दिसू शकते, म्हणून ते तिच्यापाशी अडखळतात. गाऊन घोट्याच्या वर हवा. काखेत हात घालून ओढू नका, खांदा दुखावतो. "पुढे वाका, उठा" म्हणा आणि थांबा. रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून नवीन आलेल्या मुलींना हे थांबणं जमत नाही, त्यांना घाई असते. वॉकर आणून दिला म्हणजे काम झालं असं नाही. नवी वस्तू हातात बसायला त्यांना कित्येक आठवडे रोज सराव लागतो.

पडतील म्हणून खुर्चीला बांधून ठेवणं मला सहन होत नाही. बसून बसून मांड्या आणखी झिजतात, आणि सुटायच्या धडपडीत माणूस खुर्चीसकट पडतो.

चार दिवसांत तोल एकदम बिघडला तर "आजार वाढला" म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग असेल, नवी गोळी असेल. पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलत नाहीत, लघवीवर ताबा नाही आणि विसरणंही आहे, हे तिन्ही एकत्र दिसलं तर न्यूरोलॉजिस्टकडे जा. मेंदूत पाणी साठल्यानेही असं होतं, आणि ते ओळखलं गेलं तर बऱ्याच जणांचं चालणं सुधारतं.

आणि डोकं आपटलं असेल, त्यात रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर "काही दुखत नाही" या शब्दावर जाऊ नका. लगेच दवाखाना गाठा. मेंदूवरचा रक्तस्राव कधी कधी तीन-चार आठवड्यांनीही दिसतो, आधी नुसती झोप वाढते. पडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण ते स्वतः ती सांगू शकणार नाहीत.