जोतिबाच्या गुलालातले फोटो: एक सुधारा, बाकीचे ओळीने लावा

चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर फ्रेमभर गुलाल असला की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंग आपोआप जुळवणारी सोय) गडबडतो. गुलाबी कमी करायच्या नादात चेहरे हिरवट दिसतात, तेही प्रत्येक फोटोत वेगळे. एकेक फोटो सुधारत बसू नका. लाइटरूम क्लासिक या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये असं करा:

१. आधी निवड. कॅप्स लॉक चालू ठेवून ठेवायच्या फोटोला पी, नकोशाला एक्स दाबा. पुढचा फोटो आपोआप येतो. या टप्प्यावर रंगाला हात लावायचा नाही, सगळा वेळ तिथेच जातो.

२. एकाच उजेडातले फोटो एकत्र घ्या. मंदिराच्या आवारातली सावली वेगळी, सासनकाठ्यांवरचं ऊन वेगळं.

३. गटातला पहिला फोटो उघडा, डब्ल्यू दाबून ड्रॉपर (रंग टिपायची खूण) घ्या आणि राखाडी दगडावर किंवा गुलाल न लागलेल्या पांढऱ्या कपड्यावर टिचकी मारा. फेट्यावर नको, नुसती गुलाबी झाक असली तरी सगळा गट हिरवा होईल. व्हाइट बॅलन्स 'ॲज शॉट' (कॅमेऱ्याने ठरवलेला) किंवा 'ऑटो'वर राहिला, तर पुढच्या पायरीत काहीच सारखं होत नाही.

४. हाच फोटो आधी निवडून, शिफ्ट धरून गटातला शेवटचा निवडा. कंट्रोल-शिफ्ट-एस, मग सिंक्रोनाइझ.

तिथे क्रॉप (कापणं) आणि मास्किंगच्या (फोटोच्या ठरावीक भागातल्या बदलांच्या) खुणा काढा, नाहीतर एकाचं कापणं सगळ्यांच्या माथी बसतं आणि काठ्यांचे शेंडे उडतात.

हे रॉ फाइलींसाठी, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलींसाठी. जेपेगमध्ये जळालेला गुलाबी परत येत नाही.