यूएक्सएफने व्हीआर चाचणी: डेटा हरवू देऊ नका
युनिटी या गेम इंजिनमध्ये यूएक्सएफ (युनिटी एक्सपेरिमेंट फ्रेमवर्क, प्रयोग घेण्यासाठीची तयार चौकट) टाकलं की व्हीआर (आभासी वास्तव) चाचणीची मांडणी तयार मिळते: सेशन (एका सहभागीची पूर्ण बैठक), त्यात ब्लॉक (ट्रायलचा गट), ब्लॉकमध्ये ट्रायल (एकेक प्रयत्न). दोन परिस्थितींची तुलना असेल तर दोन ब्लॉक करा आणि अर्ध्या सहभागींना क्रम उलटा द्या, नाहीतर सरावाचा परिणाम निकालात मिसळतो.

डोक्याची हालचाल नोंदवायला कॅमेऱ्यावर पोझिशन रोटेशन ट्रॅकर (जागा आणि वळण नोंदवणारा यूएक्सएफचा घटक) लावा. तो सेशनच्या ट्रॅक्ड ऑब्जेक्ट्स यादीतही ओढून टाका. हे हमखास राहतं, आणि मग एकही ओळ नोंदली जात नाही. ७२ हर्ट्झला (सेकंदाला ७२ फ्रेम) दर फ्रेमला नोंद केली तर मिनिटाला ४,३२० ओळी येतात.

ट्रायलचे एकत्र निकाल सेशन संपताना लिहिले जातात. म्हणून सेशन नीट संपू द्या, मगच हेडसेट काढायला सांगा. आधी एकदा स्वतःवर पूर्ण चाचणी चालवून सीएसव्ही (नोंदींचा तक्ता असलेली फाइल) उघडून बघाच.