नॉर्वेतले पूर्वज शोधताय? या चुका टाळा

माझं सासर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचं, घराणं मूळ नॉर्वेचं. सासूबाईंना त्यांच्या पणजोबांचं गाव शोधून द्यायचं म्हणून बसले आणि अख्खं वर्ष ओले ओल्सन नावाच्या भलत्याच माणसाच्या मागे गेलं, तुमचं तसं होऊ नये म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आडनाव धरून शोधणं. नॉर्वेच्या खेड्यात तेव्हा पिढ्यानपिढ्या चालणारं आडनाव नसायचंच. ओलेचा मुलगा ओल्सन, मुलगी ओल्सदात्तर, आणि पुढे ज्या शेतवाडीवर राहायचे तिचं नाव. वाडी बदलली की नाव बदललं, म्हणजे तो खरं तर पत्ताच. कायमचं आडनाव कायद्याने सक्तीचं झालं १९२३ मध्ये, तोवर लाखो लोक अमेरिकेत पोचले होते! तिथे एका भावाने ओल्सन लावलं, दुसऱ्याने वाडीचं नाव, की झाले सख्खे भाऊ कागदावर परके. बायकाही लग्नानंतर वडिलांचंच नाव लावायच्या, त्यामुळे नॉर्वेतल्या नोंदीत आजीला आजोबांच्या नावाखाली शोधू नका.

'एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरातलं, येणाऱ्या स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र) कारकुनाने नाव बदललं' ही गोष्ट घरोघरी सांगतात, पण कारकुनासमोर जहाजावरून आलेली यादी असायची, तो नवीन नाव ठेवत नव्हता. आणि ते केंद्र सुरूच झालं १८९२ ला. १८५० आणि ६० च्या दशकात बहुतेक नॉर्वेजियन कॅनडात क्वेबेकला उतरून पुढे विस्कॉन्सिन, मिनेसोटाकडे गेले, त्यांना न्यूयॉर्कच्या यादीत कितीही शोधा, सापडणार नाहीत.

जन्मगाव 'क्रिस्तियानिया' दिसलं तरी लगेच खूश होऊ नका. ते ओस्लोचं १९२५ पर्यंतचं नाव, पण बरेचदा माणूस तिथून फक्त जहाजात चढलेला असतो.

मग करायचं काय, तर आधी अमेरिकेतलीच नोंद बघा, विशेषतः लुथरन चर्चची रजिस्टरं. आम्हाला वाडीचं नाव तिथेच मिळालं, तेही लग्नाच्या नोंदीत! ते हातात आलं की डिजिटालआर्किवेटवर जा, नॉर्वेच्या सरकारी अभिलेखागाराची साइट आहे, फुकट आहे. १८०१, १८६५, १८७५, १९००, १९१० च्या जनगणना, चर्चच्या वह्यांची स्कॅन, पोलिसांनी ठेवलेल्या स्थलांतरितांच्या याद्या, सगळं आहे. जुन्या वह्यांत तारखेऐवजी 'ट्रिनिटीनंतरचा चौथा रविवार' असंही असतं, ट्रिनिटी म्हणजे ईस्टरवरून ठरणारा चर्चचा सण, म्हणून त्या वर्षीचा ईस्टर काढून तारीख मोजावी लागते, आणि ती बाप्तिस्म्याची की जन्माची तेही बघा.

दफनाची पानं तर सोडूच नका. मूल गेलं की पुढच्या बाळाला तेच नाव ठेवायची पद्धत होती, त्यामुळे एकाच घरात दोन-दोन ओले निघतात. मी वर्षभर ज्याला पणजोबा समजत होते तो शेजारच्या वाडीवरचा ओले निघाला, दीड वर्षाचा असतानाच गेलेला. ते पान बघून मला खरंच रडू आलं, त्या बाळासाठी. सासूबाईंनी त्याचंही नाव वहीत लिहून ठेवलंय.