छपराखालचा दिवस: इनडोअर थीम पार्कला सहकुटुंब जाण्यापूर्वीची तयारी

इनडोअर थीम पार्कला जायचे ठरले की पुष्कळ घरांत तयारीचा विषय तिथेच संपतो. ऊन नाही, पाऊस नाही, सगळे काही छपराखाली आणि वातानुकूलित, मग ठरवायचे ते काय, असा सूर असतो. छत्री, टोपी आणि सनस्क्रीन घरी ठेवता येतात एवढ्यापुरते हे बरोबर आहे. परंतु गर्दी, आवाज, गारवा, मोबाइलची अधूनमधून जाणारी रेंज आणि वेळेचे सुटणारे भान या गोष्टीही त्याच छपराखाली असतात, त्यामुळे मोकळ्या मैदानावरच्या पार्कसाठी केलेली यादी इथे जशीच्या तशी चालत नाही.

सर्वांत आधी आपण जातो आहोत ते पार्क नेमके कोणत्या प्रकारचे आहे, हे पाहून घ्यावे, कारण ‘इनडोअर थीम पार्क’ या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी मोडतात. सोलमधले १९८९ साली सुरू झालेले लोट्टे वर्ल्ड निम्मे छपराखाली आणि निम्मे उघड्यावर आहे. अबू धाबीचे फेरारी वर्ल्ड हे छपराखालचे पार्क म्हणून ओळखले जाते; तरी ताशी २४० किलोमीटर वेग गाठणाऱ्या तिथल्या फॉर्म्युला रोसा या रोलर कोस्टरचा रूळ इमारतीच्या बाहेर जातो आणि बसणाऱ्यांना डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा लागतो. टोकियोच्या सान्रियो प्युरोलँडमध्ये राइड मोजक्या आहेत आणि खरी मजा रंगमंचावरचे कार्यक्रम व मिरवणूक यांत आहे. १९९९ मध्ये मेक्सिको सिटीत सुरू झालेल्या किडझेनियासारख्या ठिकाणी मुले मोठ्यांची कामे करून पाहतात आणि आईवडिलांना बहुतेक वेळ काचेबाहेर उभे राहून पाहण्याचेच काम उरते. आपल्या घरातल्या कोणाला काय आवडेल हे या माहितीवरून ठरते. जाहिरातीतल्या छायाचित्रावरून ते ठरवू नये. पार्कचा काही भाग उघड्यावर असेल, तर विजा चमकत असताना किंवा जोराचा वारा असताना तिथल्या राइड थांबवल्या जातात, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे.

दिवस निवडताना एक उलटा हिशेब लक्षात ठेवावा लागतो. उघड्यावरच्या पार्कमध्ये पावसाच्या दिवशी गर्दी ओसरते, तर छपराखालच्या पार्कमध्ये नेमकी त्याच दिवशी वाढते, कारण बाहेर जाण्याचे बेत बारगळलेली सगळी कुटुंबे तिकडेच वळतात. कडक उन्हाच्या आणि कडाक्याच्या थंडीच्या दिवसांचेही तेच. म्हणून शाळा चालू असतानाचा एखादा साधा वार आणि बाहेर छान हवा असलेला दिवस मिळत असेल, तर तो सोडू नये. असल्या सुंदर दिवशी छपराखाली कशाला जायचे, असे कोणीतरी म्हणणारच, पण राइडच्या रांगा त्याच दिवशी लहान असतात. दिवस नक्की करण्यापूर्वी पार्कच्या संकेतस्थळावर त्या तारखेला कोणत्या राइड देखभालीसाठी बंद आहेत, हे पाहावे. जुन्या वर्णनांवर विसंबून तर मुळीच जाऊ नये. कॅनडातल्या वेस्ट एडमंटन मॉलमधला माइंडबेंडर हा वर्षानुवर्षे प्रसिद्ध असलेला इनडोअर रोलर कोस्टर २०२३ मध्ये कायमचा बंद झाला, तरी त्याचे कौतुक करणारे जुने लेख आजही वाचायला मिळतात.

तिकिटाच्या बाबतीत किंमत पाहण्याआधी त्या तिकिटात काय येते, ते पाहावे. काही ठिकाणी एकाच प्रवेश तिकिटात दिवसभराच्या राइड येतात. मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकामधल्या निकलोडियन युनिव्हर्ससारख्या ठिकाणी आत फिरायला पैसे पडत नाहीत आणि पैसे लागतात ते राइडसाठी. मग ज्या आजीआजोबांना कशातच बसायचे नाही, त्यांचे तिकीट काढण्याचा प्रश्नच येत नाही. लहान मुलांचा दर वयावर आहे की उंचीवर, ठरावीक वेळेलाच आत सोडतात का, एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर परत येता येते का, कोणी आजारी पडल्यास तारीख बदलून मिळते का आणि अपंग व्यक्तीसोबत येणाऱ्या मदतनिसाला सवलत आहे का, एवढ्या प्रश्नांची उत्तरे पैसे भरण्यापूर्वी हाताशी असावीत. रांग टाळण्याचा जादा पास सरसकट घेऊ नये. गर्दीच्या दिवशी आणि मोठ्या मुलांसाठी तो उपयोगी पडतो. घरातली मुले इतकी लहान असतील की त्यांना मोठ्या राइडवर बसताच येणार नाही, तर तो पैसा वाया जातो.

आता उंचीचा मुद्दा, ज्यावरून दिवसातली सर्वाधिक रडारड होते. प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंची मोजण्याची पट्टी असते आणि तिथे उभा असलेला कर्मचारी सेंटिमीटरभराचीही सूट देत नाही. देऊही नये, कारण अंगावर येणारा दांडा किंवा पट्टा विशिष्ट बांध्याच्या शरीराला घट्ट बसेल अशा बेताने तयार केलेला असतो. म्हणून जाण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला भिंतीला टेकवून, टाचा जमिनीला लावून नीट मोजावे आणि तो आकडा राइडच्या यादीसमोर लिहावा. मोजणी शक्यतो संध्याकाळी करावी, कारण मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात थोड्या दबतात आणि सकाळी भरलेली उंची दुपारी किंचित कमी भरते. ज्याचा आकडा मर्यादेच्या अगदी काठावर आहे त्याला हा फरक महागात पडतो. बहुतेक ठिकाणी मर्यादा दोन असतात, एक मोठ्या माणसासोबत बसण्याची आणि दुसरी एकट्याने बसण्याची. छोट्यांच्या काही राइडवर वरची मर्यादाही असते, त्यामुळे उंच वाढलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला तिथूनही परत फिरावे लागते. ही सगळी यादी मुलांना घरीच वाचून दाखवावी आणि ‘यावर तू बसशील, यावर पुढच्या वेळी’ हे तिथेच ठरवून टाकावे. अर्धा तास रांगेत उभे राहिल्यावर मिळालेला नकार आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर मिळालेला नकार यांत फार अंतर आहे.

आई आणि वडील दोघांनाही मोठ्या राइडवर बसायचे असेल आणि सोबत तान्हे मूल असेल, तर पालकांनी आळीपाळीने बसण्याची सोय आहे का, हे प्रवेशद्वारावरच विचारावे. अशी सोय असलेल्या ठिकाणी एक जण मूल सांभाळतो आणि पहिला उतरल्यावर दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. पुष्कळ ठिकाणी ती असते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

प्रकृतीच्या बाबतीत संकोच बाजूला ठेवून घरातल्या प्रत्येकाचा विचार करावा. गरोदरपण, हृदयविकार, मानेचे किंवा पाठीचे दुखणे आणि नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असताना वेगाच्या व हिसक्यांच्या राइड टाळायच्या, हे सूचनाफलकावर असतेच. इनडोअर पार्कमध्ये त्यात दोन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे अंधारातले लुकलुकणारे झगझगीत दिवे, जे प्रकाशामुळे फिट येणाऱ्या व्यक्तीसाठी धोक्याचे असतात. दुसरी म्हणजे मोठ्या पडद्यासमोर खुर्च्या हलवणाऱ्या सिम्युलेटर राइड. पडदा डोळ्यांना सांगतो की आपण दरीत कोसळतो आहोत, आणि आतला कान सांगतो की आपण जवळपास जागेवरच आहोत. या विसंवादातून मळमळ सुरू होते. ज्यांना गाडी लागते त्यांना हीदेखील लागण्याची शक्यता बरीच असते. अशांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी, सिम्युलेटरमध्ये मधल्या जागा मागाव्यात आणि त्रास सुरू झालाच तर डोळे मिटून घ्यावेत.

आवाजाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. कठीण जमीन, पत्र्याचे किंवा काँक्रीटचे छत, आणि त्यांत रुळांची खडखड, किंकाळ्या आणि दोन बाजूंनी वाजणारी दोन वेगळी गाणी, हे सगळे घुमत राहते. पहिल्या तासात त्याचा उत्साह वाटतो, चौथ्या तासात डोके भणभणते. लहान मुलांसाठी, आणि विशेषतः स्वमग्न किंवा आवाजाला घाबरणाऱ्या मुलांसाठी, कानांवर बसणारे आवाजरोधक हेडफोन घ्यावेत. शांत खोली कुठे आहे किंवा कमी आवाज व मंद दिव्यांची खास सत्रे ठेवली जातात का, हे चौकशीत विचारावे.

कपडे थरांचे असावेत. रांगेत गर्दीमुळे उकडते आणि मोकळ्या भागात एसीचा झोत थेट अंगावर येतो, त्यामुळे पातळ सुती कपड्यांवर चेनचे हलके जॅकेट हे सर्वांत सोयीचे. पायांत मागून बंद, घट्ट बसणारे बूट हवेत, कारण निसटत्या चपला घालून बऱ्याच राइडवर बसू देत नाहीत. लोंबणारी ओढणी, स्कार्फ, लांब नाडी असलेली टोपी यांना पूर्ण फाटा द्यावा, गो-कार्ट असेल तर नक्कीच, आणि लांब केस बांधून ठेवावेत. ट्रॅम्पोलिनचा किंवा लहान मुलांच्या गुबगुबीत खेळांचा विभाग असेल, तर तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे लागतात. हे तिथे विकत मिळतात, पण पायांच्या मापाचे मिळतीलच असे नाही.

पिशवी एकच आणि लहान असावी, आणि लॉकरमध्ये मावावी. तिच्यात ओले रुमाल, मुलांचे कपड्यांचे एक जोड, नेहमीची औषधे, रिकामी पाण्याची बाटली, पॉवर बँक आणि मळमळीसाठी दोन-तीन कागदी पिशव्या एवढे पुरे. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्याला मागून बांधायची दोरी घ्यावी. मोबाइल आणि किल्ल्या चेन असलेल्या खिशात जाव्यात. पॅन्टच्या उघड्या खिशातून घसरलेला मोबाइल राइडखाली पडला, तर तो काढण्यासाठी बहुधा पार्क बंद होईपर्यंत थांबावे लागते.

मूल हरवण्याची तयारी ही यादीतली सर्वांत महत्त्वाची बाब आहे आणि ती घरून निघतानाच करायची असते. सकाळी सगळी तयार झाल्यावर प्रत्येक मुलाचा पायांपर्यंतचा फोटो काढावा. घाबरलेल्या आईला मुलाच्या शर्टाचा रंग आठवत नाही, आणि हा फोटो कर्मचाऱ्यांना दाखवता येतो. मोबाइल क्रमांक मनगटी पट्ट्याच्या आतल्या बाजूला किंवा मुलाच्या हातावर पेनाने लिहावा. नाव मोठ्या अक्षरांत बाहेर लिहू नये, कारण नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मूल पटकन विश्वास ठेवते. आत शिरताच मुलांना गणवेशातला एक कर्मचारी आणि माहिती कक्ष प्रत्यक्ष दाखवावा आणि ‘आम्ही दिसलो नाही तर जिथे आहेस तिथेच थांब आणि असे कपडे घातलेल्या माणसाला सांग’ एवढेच वाक्य पाठ करून घ्यावे. मोठ्यांसाठी भेटण्याची जागा वेगळी ठरवावी. ती राइडजवळ नसावी, कारण तिथली गर्दी सतत हलत असते. इमारतीच्या पोटात जीपीएस धड चालत नाही आणि रेंजही जाते, तेव्हा ‘लोकेशन पाठव’ यावर विसंबू नये. तिकिटाच्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट आणि नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा. त्याच नकाशावर आपत्कालीन दारे कुठे आहेत, तेही एकदा पाहून घ्यावे. बंदिस्त जागेत ही दोन मिनिटे वाया गेली असे समजू नये.

खाण्याबाबत नियम साधारण ठरलेले असतात: बाहेरचे पदार्थ चालत नाहीत, पण बाळाचे अन्न आणि पथ्याचे किंवा ॲलर्जीमुळे लागणारे पदार्थ विचारून नेता येतात. जेवण सर्वांच्या आधी, म्हणजे सकाळी साडेअकराच्या सुमारास उरकावे, आणि पोट भरल्यावर तासभर गरगर फिरणाऱ्या राइडऐवजी एखादा कार्यक्रम पाहावा. एसीत तहान जाणवत नाही म्हणून मुलांना आठवणीने पाणी पाजावे.

दिवसाचा क्रम ठरवताना उघडण्याच्या वेळेपूर्वी दारात असणे हाच निम्मा विजय आहे. बहुतेक जण प्रवेशद्वाराजवळच्या पहिल्याच राइडला रांग लावतात. आपण सरळ मागच्या टोकाला जाऊन तिथून पुढे यावे. दुबईच्या आयएमजी वर्ल्ड्स ऑफ ॲडव्हेंचरसारखे सुमारे १५ लाख चौरस फुटांचे पार्क असेल, तर उलटसुलट फेऱ्यांनीच पाय दुखू लागतात. पहिल्या दीड-दोन तासांत सर्वाधिक मागणीच्या राइड, दुपारी कार्यक्रम आणि शांत राइड, आणि संध्याकाळी मुलांना जे पुन्हा करावेसे वाटेल ते, असा ढोबळ आराखडा पुरतो. मिनिटामिनिटांचे वेळापत्रक करणाऱ्यांचे कौतुक आहे, पण ते पहिल्याच स्वच्छतागृहाच्या फेरीत कोलमडते.

आजीआजोबा सोबत असतील तर चाकांची खुर्ची आधी सांगून ठेवता येते का, लिफ्ट कुठे आहे आणि बसायला पाठ टेकता येईल असे बाक कुठे आहेत, हे विचारावे. त्यांना दिवसभर पिशव्या राखायला बसवू नये. जुन्या पद्धतीचा फिरता घोडा किंवा संथ बोट त्यांच्यासाठी ठरवून ठेवावी. स्तनपानाची आणि कपडे बदलण्याची खोली नकाशावर खूण करून ठेवावी.

आत खिडक्या नसतात, बाहेर अंधारले तरी कळत नाही, आणि मुले थकली आहेत हे त्यांच्याआधी मोठ्यांच्या लक्षात यावे लागते. म्हणून निघण्याची वेळ सकाळीच ठरवून मोबाइलवर दोन गजर लावावेत, एक निघण्याच्या तासभर आधीचा आणि दुसरा निघण्याचा. पहिला वाजला की मुलांना शेवटची राइड निवडू द्यावी आणि खेळणी घेण्यासाठी ठरवून दिलेली रक्कम त्यांच्या हाती द्यावी, म्हणजे बाहेर पडण्याच्या वाटेवरच्या दुकानात वाद होत नाहीत. रिस्टबँडवर किंवा कार्डावर पैसे भरले असतील, तर उरलेली रक्कम परत मिळते का, हे रांग लागण्याआधी काउंटरवर विचारावे. लॉकर रिकामा करताना वरचा कप्पा हाताने चाचपून पाहावा. गाडी बहुमजली पार्किंगमध्ये असेल, तर मजला आणि खांबाचा क्रमांक दाखवणारा फोटो सकाळीच काढलेला असावा. तो उघडून सगळ्यांनी एकदमच त्या लिफ्टकडे निघावे.