हार्डवेअरची माहिती देणारे कमांड लाइन साधन सांभाळताना या चुका टाळा

संगणकात कोणता प्रोसेसर आहे, रॅमच्या किती पट्ट्या किती जीबीच्या आहेत, डिस्क केवढी आहे आणि किती तापली आहे, हे टर्मिनलवर एका कमांडमध्ये सांगणारे साधन वरवर सोपे वाटते, कारण ते स्वतः काही घडवत नाही, नुसते वाचून दाखवते. मात्र असे साधन सांभाळणाऱ्याचा बहुतेक वेळ वाचलेला आकडा खरा आहे की नाही हे ठरवण्यातच जातो. लिनक्सवर चालणारे असे एक छोटे साधन मी काही वर्षे सांभाळतो आहे आणि एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील यंत्रांची नोंद त्याच्यावरून ठेवली जाते. माझे ठाम मत असे आहे की चुकीचे उत्तर देण्यापेक्षा ‘माहीत नाही’ असे उत्तर देणे केव्हाही बरे. आपला रिपोर्ट वाचून कुणीतरी रॅम विकत घेणार असते, कुणी यंत्र वॉरंटीत पाठवणार असते, आणि त्या माणसाजवळ आपला आकडा पडताळून पाहण्याचे दुसरे साधन बहुधा नसते.

बायोसने सांगितले म्हणून खरे मानणे

मदरबोर्डचे नाव, अनुक्रमांक आणि रॅमच्या पट्ट्यांचा तपशील बहुधा एसएमबायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या बायोसने पुरवलेल्या हार्डवेअरच्या वर्णनाच्या, तक्त्यातून येतो. हा तक्ता यंत्र किंवा मदरबोर्ड बनवणारी कंपनी भरते, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो जसाच्या तसा पुढे करते आणि डीएमआयडीकोड ही कमांड तो उलगडून दाखवते. त्यातली माहिती अनेकदा अपुरी किंवा चुकीची असते, असा इशारा डीएमआयडीकोडच्या मॅन्युअलमध्येच दिलेला आहे. सुटे भाग जोडून बनवलेल्या यंत्रांवर तर अनुक्रमांकाच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ किंवा ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ असा भरायचा राहून गेलेला मजकूर सर्रास सापडतो. असे मजकूर ओळखून गाळले नाहीत, तर नोंदवहीत तीस यंत्रांचा अनुक्रमांक एकच होतो.

या तक्त्याच्या वाचनातली एक चूक मी स्वतः केली होती आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. रॅमच्या प्रत्येक पट्टीची क्षमता दोन बाइटच्या एका रकान्यात लिहिलेली असते. त्यातला सर्वांत वरचा बिट आकडा एमबीत आहे की केबीत हे सांगतो, त्यामुळे उरलेल्या पंधरा बिटांत जास्तीत जास्त ३२७६७ एवढाच आकडा मावतो. ३२ जीबीची पट्टी म्हणजे ३२७६८ एमबी, म्हणजे नेमका एकाने जास्त. म्हणून एसएमबायोसच्या २.७ आवृत्तीपासून असा नियम आहे की या रकान्यात ३२७६७ दिसले, तर ती क्षमता मानायची नाही. खरी क्षमता चार बाइटच्या वेगळ्या विस्तारित रकान्यातून घ्यायची. माझ्या कोडमध्ये तो विस्तारित रकाना वाचलाच जात नव्हता. तरीही कित्येक महिने कुणाचीही तक्रार आली नाही, कारण ३२७६७ ला १०२४ ने भागून जवळच्या पूर्णांकात आणले की ३२ येते आणि ३२ जीबीच्या पट्टीसाठी उत्तर बरोबर दिसते. मग ६४ जीबीच्या पट्ट्या लावलेला एक सर्व्हर आला आणि साधनाने त्यातली प्रत्येक पट्टी ३२ जीबीची ठरवली. बिल आणि रिपोर्ट जुळेनात, तेव्हा निम्मीच रॅम आल्याची तक्रार पुरवठादाराकडे गेली. शेवटी प्रयोगशाळा साहाय्यकाने सर्व्हर उघडला, एक पट्टी काढून लेबल वाचले आणि मला फोनवर सांगितले, “सर, पट्टी चौसष्टचीच आहे.” त्या पुरवठादाराची आम्ही क्षमा मागितली. बरोबर दिसणारे उत्तर बरोबर मार्गाने आले आहे का, हे तपासायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

त्याच रकान्यातले आणखी दोन आकडे सांभाळावे लागतात. शून्य म्हणजे खाच रिकामी आहे आणि ६५५३५ म्हणजे पट्टी आहे पण क्षमता ठाऊक नाही. हे दोन्ही रिपोर्टमध्ये वेगवेगळ्या शब्दांत दिसले पाहिजेत.

यूयूआयडीच्या, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाच्या, बाबतीतही अशीच एक मेख आहे. एसएमबायोस २.६ पासून या ओळखक्रमांकाच्या पहिल्या तीन भागांतले बाइट उलट्या क्रमाने वाचायचे असतात. जुन्या पद्धतीने वाचणाऱ्या साधनात ज्या यंत्राचा क्रमांक ४४३३२२११ ने सुरू होतो, त्याच यंत्राचा क्रमांक नव्या पद्धतीने ११२२३३४४ ने सुरू होतो. साधनाच्या एका आवृत्तीत ही दुरुस्ती केली आणि बदलांच्या यादीत ती ठळकपणे लिहिली नाही, तर यूयूआयडीवर चालणाऱ्या नोंदवहीत प्रत्येक यंत्र दोनदा दिसू लागते. दुरुस्ती योग्य असली तरी वापरणाऱ्याला ती आधी कळवणे हे आपले काम आहे.

कालपर्यंत जुळणाऱ्या हिशेबावर विसंबणे

प्रॉक या कर्नलच्या माहितीच्या फोल्डरमधल्या सीपीयूइन्फो फाईलमधून थ्रेडची, म्हणजे प्रोसेसर एकाच वेळी चालवू शकतो त्या कामांच्या धाग्यांची, संख्या घ्यायची, तिला कोरच्या संख्येने भागायचे आणि ‘प्रत्येक कोरला इतके थ्रेड’ असे छापायचे, हा हिशेब बरीच वर्षे चालला. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेलचा कोअर आय९-१२९००के आला, ज्यात ८ मोठे कोर प्रत्येकी दोन थ्रेड चालवतात आणि ८ छोटे कोर प्रत्येकी एकच. एकूण कोर १६, थ्रेड २४ आणि भागाकार दीड. बॅश ही स्क्रिप्टची भाषा अपूर्णांक टाकून देते, त्यामुळे बॅशमध्ये लिहिलेले साधन येथे एक असे उत्तर देईल आणि हायपरथ्रेडिंग (एका कोरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय) बंद आहे असा निष्कर्ष काढून मोकळे होईल. प्रत्येक कोरचे भावंड थ्रेड सिस या कर्नलच्या दुसऱ्या माहितीच्या फाइलसिस्टीममध्ये वेगवेगळे नोंदलेले असतात, तेथून एकेक मोजणे हाच खरा उपाय आहे. आर्म प्रोसेसरवर तर सीपीयूइन्फोमध्ये नावाची ओळच अनेकदा नसते. रास्पबेरी पाय ४ वर उत्पादकाचा आणि भागाचा सांकेतिक आकडा तेवढा मिळतो आणि तो कॉर्टेक्स ए७२ आहे हे एलएससीपीयू ही कमांड स्वतःजवळच्या यादीवरून सांगते. अशी यादी आपल्या साधनात नसेल, तर सांकेतिक आकडा जसाच्या तसा दाखवावा, तेथे ‘अज्ञात प्रोसेसर’ लिहून तो गिळू नये.

डिस्कच्या आकाराची चूक याहून मोठी दिसते. सिस फाइलसिस्टीममधला डिस्कचा आकार नेहमी ५१२ बाइटच्या एककात असतो, मग डिस्कचा स्वतःचा सेक्टर ४०९६ बाइटचा का असेना. सेक्टरच्या आकाराने गुणणारे साधन अशा ४ टीबीच्या डिस्कला ३२ टीबी ठरवते. त्याउलट, एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते ही तक्रार चूक नसून एककाचा घोळ आहे, कारण डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि आपण १०२४ च्या. एकक स्पष्ट लिहिले की अशा तक्रारी आपोआप कमी होतात. प्रॉकमधल्या मेमइन्फो फाईलमधली एकूण मेमरी बसवलेल्या रॅमपेक्षा थोडी कमीच असते, कारण कर्नल आणि प्रोसेसरमधले ग्राफिक्स आपला वाटा आधीच बाजूला काढतात. तिला ‘बसवलेली रॅम’ असे नाव देऊ नये.

तापमानाच्या बाबतीत दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली अशी की हार्डवेअर मॉनिटरचे, म्हणजे कर्नलमधल्या सेन्सरच्या फोल्डरांचे, क्रमांक संगणक पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात, म्हणून क्रमांकाऐवजी त्या फोल्डरमधल्या नावाच्या फाईलवरून सेन्सर ओळखावा आणि आकडा सहस्रांश अंशात असतो हे लक्षात ठेवावे; ४५००० म्हणजे ४५ अंश सेल्सिअस. दुसरी गोष्ट आकड्याच्या अर्थाची आहे. २०१७ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ १८००एक्ससारख्या काही प्रोसेसरवर टीसीटीएल नावाचे वाचन खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम २० अंशांनी जास्त ठेवलेले होते, जेणेकरून पंख्यांचे नियंत्रण सर्व मॉडेलांवर सारखे राहावे. ते वाचन ‘सीपीयू तापमान’ म्हणून छापणाऱ्या साधनांमुळे धडधाकट यंत्रे तापलेली दिसली. सेन्सरचे मूळ लेबल आकड्याशेजारी दाखवले असते, तर जाणकाराला ते लगेच उमगले असते.

दुसऱ्या साधनाचे आउटपुट स्तंभ मोजून वाचणे

डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलके कमांडच्या सहाव्या किंवा सातव्या स्तंभात अमुक असते असे धरून लिहिलेला कोड कधीतरी मोडतोच. ती ज्या संचात येते त्या यूटिल-लिनक्सच्या २.३७ आवृत्तीत तिच्या शेवटच्या स्तंभाचे नावसुद्धा एकवचनाचे अनेकवचन झाले. हवे ते स्तंभ नावाने मागावेत, आकार बाइटमध्ये मागावा आणि जेसनची (प्रत्येक मूल्याला नाव देणाऱ्या स्वरूपाची) सोय असेल तेथे तीच वापरावी. डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये ती ७.० पासून आहे. शिवाय वापरणाऱ्याने संगणकाची भाषा बदलली की काही साधनांची शीर्षके भाषांतरित होतात आणि काही भाषांत दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम येतो. म्हणून दुसरे साधन चालवताना भाषेची सेटिंग ‘सी’ ठेवणे अनिवार्य समजावे.

रिकाम्या जागेचे कारण न सांगणे

या एका चुकीमुळे येणारे बग रिपोर्ट माझ्या अनुभवात बाकी सर्वांपेक्षा जास्त आहेत. रकाना रिकामा असण्याची कारणे निदान तीन असतात: ती वस्तू यंत्रात नाही, ती वाचण्याची परवानगी नाही, किंवा ज्या साधनाकडून ती माहिती घ्यायची ते बसवलेलेच नाही. तिन्ही ठिकाणी नुसती आडवी रेघ छापली, तर वापरणारा बिचारा चुकीच्या दिशेने शोधत बसतो. अनुक्रमांकाच्या फाइली फक्त रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला, वाचता येतात. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लॅटिपस हा हल्ला उघड झाला, ज्यात प्रोसेसरच्या वीजवापराच्या आकड्यांवरून गुप्त किल्ल्या काढता येत होत्या, आणि त्यानंतर कर्नलने ते आकडेही सामान्य वापरकर्त्याला बंद केले. वीजवापर दाखवणारी साधने त्यामुळे एका अपडेटनंतर गप्प झाली आणि कारण न सांगणाऱ्या साधनांच्या वाट्याला ‘तुमचे साधन बिघडले’ अशा तक्रारी आल्या. इन्क्सी हे हार्डवेअरची माहिती देणारे दुसरे साधन येथे चांगला वस्तुपाठ घालून देते: रूट हवा असेल तेथे तसे लिहिते आणि कोणती साधने बसवायची राहिली आहेत याची यादी देण्यासाठी त्यात स्वतंत्र पर्याय आहे. यावर उतारा म्हणून पूर्ण साधनच रूट म्हणून चालवायला सांगणे मात्र टाळावे.

वाचल्याने काही बिघडत नाही असे समजणे

वाचन निरुपद्रवी असते या समजुतीची सर्वांत महाग किंमत जुन्या थिंकपॅड लॅपटॉपच्या वापरकर्त्यांनी मोजली. एलएम-सेन्सर्स हे साधन सेन्सर शोधण्यासाठी आय२सी बसवरचे (मदरबोर्डवरच्या चिप जोडणाऱ्या तारांवरचे) पत्ते चाचपून पाहत असे आणि काही थिंकपॅडमध्ये या चाचपणीनेच एका ईईप्रॉममधली (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीच्या चिपमधली) माहिती खराब झाली. असे लॅपटॉप सुरूच होईनात. त्या प्रकल्पाने पुढे थिंकपॅडसाठी वेगळी सूचना लिहून ठेवली. अनोळखी बसवर चाचपणी करणारा कोड आपण स्वतः लिहू नये, आणि लिहिलाच तर तो वापरणाऱ्याने मुद्दाम मागितल्याशिवाय चालू नये.

रोजच्या वापरात याचे सौम्य रूप दिसते. झोपलेल्या डिस्कचे तापमान विचारले की ती फिरू लागते, म्हणून स्मार्टसीटीएलमध्ये झोपलेल्या डिस्कला न उठवण्याचा पर्याय आहे आणि तो वापरावा. लॅपटॉपमधले स्वतंत्र ग्राफिक्स कार्डही असेच एका चौकशीने जागे होते. दर पाच सेकंदांनी चालणारे साधन त्याला झोपूच देत नाही आणि बॅटरी का उतरते आहे ते मालकाला कळत नाही. मरणाला टेकलेली डिस्क तर उत्तरच देत नाही. प्रत्येक बाहेरच्या कमांडला वेळेची मर्यादा घालावी.

नाव दाखवून क्रमांक लपवणे

पीसीआय कार्डवर कंपनीचा आणि उपकरणाचा क्रमांक असतो, नाव नसते. नाव पीसीआय-आयडीच्या यादीतून येते आणि ती यादी जुनी असेल तर एलएसपीसीआय या कमांडला नुसता क्रमांक दाखवावा लागतो. त्याहून अवघड बाब अशी की एएमडीचा १००२:६७डीएफ हा एकच क्रमांक आरएक्स ४७०, ४८०, ५७० आणि ५८० या सर्व कार्डांवर आहे. त्यातले एक नाव निवडून छापणे म्हणजे निव्वळ अंदाज करणे होय. क्रमांक आणि रिव्हिजन नेहमी नावाशेजारी द्यावेत. याद्या जुन्या होतात म्हणूनच या क्षेत्रातले साधन कोडला हात न लावताही शिळे होत जाते: नीओफेच या अशाच साधनाची शेवटची आवृत्ती ७.१.० ऑगस्ट २०२० मध्ये आली, त्याच्या कोडचे भांडार एप्रिल २०२४ मध्ये संग्रहित, म्हणजे बंद, झाले आणि मधल्या काळात दोन प्रकारच्या कोरांचे प्रोसेसर घराघरांत पोहोचले होते.

लोक आपला रिपोर्ट मदत मागताना जसाच्या तसा चारचौघांत चिकटवतात, हेही विसरू नये. अनुक्रमांक, मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक) आणि यूयूआयडी झाकण्याचा पर्याय हवाच. इन्क्सीमध्ये अनुक्रमांक आणि मॅक पत्ता झेड या अक्षराने झाकता येतात. माझ्या साधनात मी ही माहिती मुळातच झाकलेली ठेवतो आणि ज्याला ती हवी आहे त्याला ती मागून घ्यावी लागते.

हातात नसलेल्या यंत्रासाठी अंदाजाने दुरुस्ती करणे

तक्रार करणाऱ्याचे यंत्र आपल्यासमोर कधीच नसते, आणि ‘आता चालते का पाहा’ असे म्हणत चार वेळा पॅच पाठवण्याने दोघांचाही धीर सुटतो. त्याऐवजी कच्ची माहिती मागवावी. डीएमआयडीकोड पूर्ण तक्ता एका फाईलमध्ये उतरवून देते आणि दुसऱ्या यंत्रावर ती फाईल पुन्हा वाचते. एलएसपीसीआय साठवलेल्या डंपवरून, म्हणजे कच्च्या माहितीच्या प्रतीवरून, चालते. एलएससीपीयूला दुसऱ्या यंत्राच्या प्रॉक आणि सिसची प्रत असलेले फोल्डर दाखवता येते. आपल्या साधनातही मूळ फोल्डर बदलता येण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी, म्हणजे जमा झालेले प्रत्येक यंत्र कायमची चाचणी बनते. ६४ जीबीच्या पट्ट्यांच्या त्या सर्व्हरचा डंप आता आमच्या चाचण्यांमध्ये आहे. त्यातले अनुक्रमांक तेवढ्याच लांबीच्या शून्यांनी बदलले आहेत, कारण लांबी बदलली की पुढचे सर्व रकाने सरकतात. गेल्या रिलीजच्या वेळी त्याच्याशेजारी ४८ जीबीच्या पट्ट्या असलेल्या एका यंत्राचा डंप जमा झाला आणि विस्तारित रकाना त्यावर पहिल्याच फेरीत बरोबर वाचला गेला.